भिंतीवरचा इंग्रजी तलाव

ज्याच्याजवळ किल्ली राहते, त्याच्याजवळ गोष्टी आपोआप जमा होतात. दार उघडताना एक, लावताना एक. झाडू मारला की खडूचा भुगा निघतो, पेन्सिलीची सालं निघतात. गोष्टी मात्र कोपऱ्यात तशाच पडून राहतात. आमच्या गावच्या समाज मंदिराची किल्ली कित्येक वर्षांपासून माझ्या करदोड्याला आहे. आधी तिथं लग्नं, तेरव्या आणि भांडणं व्हायची. यंदाच्या उन्हाळ्यात तिथं इंग्रजी झाली!

मी शाळेत गेलो नाही. मराठी अक्षरं मोठेपणी जुळवत जुळवत शिकलो. आजही लिहितो ते धान लावल्यासारखं, एकेक रोप दाबत. म्हणून घाईच्या माणसानं हे वाचू नये.

तर झालं असं. नवेगाव बांधच्या मोठ्या तलावावर थंडीत पाखरं पाहायला बाहेरचे लोक येतात. त्यांना फिरवायला जवळपासच्या गावांतलेच गाईड असावेत आणि त्यांना इंग्रजी यावी, असं नागपूरच्या एका साहेबांच्या मनात आलं. त्यांनी गोंदियाहून निकिता मॅडमला पाठवलं. मॅडम म्हणजे पोरगीच. पाठीवर भली मोठी बॅग, बॅगेत कागदांचा गठ्ठा, आणि तोंडात अर्धी मराठी, अर्धी हिंदी.

तिची शिकवायची रीत अशी. मोबाईलवर जो मोठा ज्ञानकोश आहे, त्यातला एखादा लेख छापून आणायचा. सगळ्यांनी तो वाचायचा, तो कसा बांधला आहे ते पाहायचं, आणि तशीच बांधणी धरून आपल्या गावातल्या एखाद्या गोष्टीवर इंग्रजीत लेख लिहायचा. लिहिलेलं मॅडम मराठीत उलगडून सांगायची, म्हणून मागं सतरंजीवर बसून मलाही कळायचं. शेवटी सगळे लेख भिंतीवर लागणार, साहेब येऊन वाचणार आणि त्यातून गाईड निवडणार.

सगळ्यात मन लावून बसायची ती सरला, भागरताबाईची सून. नवरा गोंदियाला राईस मिलमध्ये, ही इथं सासूजवळ. भागरताबाईनं पहिल्याच दिवशी दारात उभं राहून धानाच्या लावणीची अट सांगून टाकली.

"मॅडम, धानाचा रोवणा लागेपर्यंत बसवा इले. रोवणा लागला का माही सून माह्या धानाच्या बांधीत. मंग तुमचा साहेब येवो का राजा येवो!"

मी नंतर सरलाला विचारलं, "पोरी, तुले कायले व्हाचं हाय गाईड?"

"आबाजी, मले बोलाचं हाय. घरी कुठी बोलाले भेटते? सारं सासूबाईच बोलते!"

ते खरंच होतं. भागरताबाई बोलायला लागली की गल्लीतला लाऊडस्पीकर बंद करून ठेवावा लागतो.

*

पहिला नमुन्याचा लेख होता 'तलाव'. मॅडमनं फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, "देखो, पहिल्या वाक्यात ती वस्तू काय आहे ते सांगायचं. तलाव म्हणजे जमिनीनं वेढलेलं पाणी. असं."

आमचा गुलाब मासे धरतो. त्याचा बाप मासे धरायचा, आजा मासे धरायचा. त्यानं फळ्यावरच्या त्या वाक्याकडे बोट केलं.

"मॅडम, हे कोणाले सांगून राहिले?"

"वाचणाऱ्याला."

"तलाव म्हणजे पाणी, हे ज्याले माहीत नाही, थो वाचाले जिता कसा राहिला?"

मॅडम म्हणाली, "असं समजायचं की वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही. बिलकुल काही नाही!"

"कोठचा हाय थो?"

"कुठलाही असेल! लंडनचा असेल!"

गुलाबनं डोकं हलवलं. दोन दिवस तो एका वाक्यावर बसला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं कागद दिला. मॅडमनं वाचला, कपाळावर हात मारला, आणि मग आम्हाला सांगितलं. लिहिलं होतं, 'आमचा तलाव तलाव आहे. ज्याला माहीत नाही त्यानं येऊन पाहावा.'

"चूक काय हाय?" गुलाब म्हणाला. "लंडनवाला आला तं माही डोंगी हाये!"

*

नमुन्याचा तो लेख परदेशातल्या कुठल्या तरी तलावाचा होता. चिंतामण नावाचा पोरगा आमच्याकडे सगळ्यात हुशार. हुशार म्हणजे असा की नमुना समोर ठेवायचा आणि नावं तेवढी बदलायची. घंटाभरात लेख तयार! मॅडम खूश. वाचत गेली, हसत गेली, आणि शेवटच्या ओळीला थांबली.

"चिंतामण, इथं लिहिलंय, थंडीत तलाव गोठतो आणि गावातले लोक त्यावर घसरत खेळतात."

"हो मॅडम."

"तुमच्या गावचा तलाव गोठतो?"

"नाही मॅडम."

"मग?"

"नमुन्यात हाय ना मॅडम! तुमीच म्हणलं, बांधणी सोडाची नाही!"

मॅडम काही बोलायच्या आधी गुलाब उठून उभा राहिला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. "चिंत्या, खोड ते! तलाव गोठला तं माह्या मासोळ्या का करतीन?"

*

मग मॅडमनं पाखरावरचा लेख आणला. सारसाचा. सारस आमच्या जिल्ह्याचा लाडका, तेव्हा सगळे सरसावून बसले. त्या लेखात बारीक बारीक भाग पाडलेले होते: दिसतो कसा, राहतो कुठं, खातो काय, जोडी कशी लावतो, धोका कशाचा, आणि शेवटी जगात शिल्लक किती.

"आता या भागांमध्ये बसेल असं काहीही घ्या," मॅडम म्हणाली. तिचं इथंच चुकलं.

चिंतामणनं आपला काका घेतला.

काकाचं घर समाज मंदिराच्या भिंतीला लागून. खिडकीत बसून तो रोज क्लास ऐकायचा. त्या दिवशीही बसला होता. मॅडम वाचू लागली. उंची मध्यम, मान लांब, डोक्याचा वरचा भाग उघडा. सकाळी पानठेल्याजवळ, दुपारी पिंपळाखाली आढळतो. भजे, चिवडा आणि दुसऱ्याच्या घरचा चहा हे मुख्य अन्न. एकदा जोडी लागली की जन्मभर टिकते. आवाज दूरवर जातो.

सगळे पोट धरून हसत होते. खिडकीत काका पण हसत होता.

"धोका," मॅडमनं वाचलं आणि थांबली. "काकू."

आतून काकू ओरडली. काका आणखी हसला. मग शेवटचा भाग आला. मॅडमनं वाचलं, "ही जात गावात भरपूर असून तिची चिंता करण्याचं कारण नाही."

काकाचं हसू एकदम बंद झालं.

"काऊन रे चिंत्या? सारसाची चिंता करता, अन् माह्यी नाही?"

तो तीन दिवस खिडकीत बसला नाही. शेवटी चिंतामणनं जाऊन पानठेल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की काकाची जात दुर्मीळ आहे, तेव्हा कुठं काका खिडकीत परत आला.

*

सगळ्यात जास्त भांडण 'चांगलं' या शब्दावरून झालं. ज्ञानकोशात स्तुती चालत नाही. सुंदर नाही, छान नाही, आमचा नाही, तुमचा नाही. मॅडमच्या लाल पेनानं कागद रक्ताळून जायचा. आमच्या लोकांना हा नियम समजेचना. आपल्याच गावाबद्दल लिहायचं आणि 'आमचं' म्हणायचं नाही, हे कसलं लिहिणं?

गुलाबनं मरळ माशावर लेख लिहिला. मासा कसा, राहतो कुठं, श्वास कसा घेतो, सगळं बरोबर. मॅडम पहिल्यांदा त्याच्यावर खूश झाली. फक्त एक वाक्य तिनं काटलं: 'मरळ फार चवदार असतो.'

"हे तुमचं मत आहे, गुलाबभाऊ. मत नको. जे आहे तेवढंच लिहा."

"मत? मॅडम, हे मत नाही, हे मरळ हाये!"

"चव प्रत्येकाला वेगळी लागते."

"लागतच नाही!"

दुसऱ्या दिवशी गुलाब डबा घेऊन आला. बायकोनं रस्सा केला होता. वास असा की समोरच्या अंगणवाडीतली लेकरं दारात येऊन उभी राहिली. मॅडमनं आधी 'नको नको' केलं. मग एक तुकडा घेतला. मग दुसरा घेतला. मग बॅगेतून आपल्या डब्यातली पोळी काढली.

गुलाब समोर बसून पाहत होता. डबा रिकामा झाला. मॅडमनं बोटं पुसली, त्याचा कागद घेतला आणि ते वाक्य पुन्हा काटलं.

"मॅडम!" गुलाब ओरडला.

"मत ते मतच," मॅडम म्हणाली. "उद्या पण आणा. मी आणखी विचार करते."

*

आता सोर्सची गोष्ट. सोर्स म्हणजे, तुम्ही जे लिहिलं ते कुठून कळलं त्याचा आधार. लेखाच्या खाली तो लिहावा लागतो. पुस्तक असलं तर पुस्तक, माणूस असला तर माणूस. आधार नसला की मॅडम ओळीच्या वर गोल काढून लिहायची: 'सोर्स?'

'तलाव फार जुना आहे,' असं चिंतामणनं लिहिलं होतं. वर गोल आला.

दुसऱ्या दिवशी समाज मंदिरासमोर मोटारसायकल थांबली. चिंतामण पुढं, आणि मागं त्याच्या कमरेला घट्ट धरून सीताराम बुढा. आमच्या गावात त्याच्याहून म्हातारं कोणी नाही. मी त्याला काका म्हणतो, तर हिशोब करा. चिंतामणनं त्याला उतरवलं, हाताला धरून आत आणलं आणि मॅडमच्या खुर्चीवर बसवलं.

"हे कोण?" मॅडमनं विचारलं.

"सोर्स!"

मॅडमनं एकदा चिंतामणकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ती बिचारी बुढ्याजवळ वाकून मोठ्यानं म्हणाली, "बाबाजी, हा तलाव किती जुना आहे?"

सीताराम बुढ्यानं बराच विचार केला. वर पाहिलं. खाली पाहिलं. सगळे पेन धरून तयार.

"मी जन्मलो तवा होता."

"बस? आणखी काही?"

"तवा बी पाणी होतं."

लेखात वाक्य पडलं: 'हा तलाव सीतारामपेक्षा जुना आहे.' खाली सोर्स: सीताराम. मॅडमला काटता येईना. नियम तिचाच!

पण खरा त्रास पुढं सुरू झाला. सीताराम बुढा दुसऱ्या दिवशीही आला. काठी टेकत, स्वतःच. तिसऱ्या दिवशीही आला. खुर्चीवर बसायचा, कोणी काही विचारायचं नाही, आणि चहाची वेळ झाली की काठी आपटून मला आवाज द्यायचा, "काऊन रे, सोर्सचा चहा झाला का?"

*

दरम्यान भागरताबाई मला रस्त्यात गाठून रडकुंडीला यायची. रडकुंडीला म्हणजे ओरडून.

"भाऊ, त्या मॅडमनं माह्या सुनेच्या डोक्यात का भरून ठेवलं? घरात राहवत नाही मले!"

सरलानं लेखासाठी विषय घेतला होता रोवणा. धानाची लावणी. आणि सोर्स म्हणून धरली होती सासू. गावात तिच्याइतकी रोवण्याची जाणकार दुसरी नाही, हे सगळेच मानतात; पण ती बाई सुनेच्या प्रश्नांनी घायकुतीला आली होती.

"चुलीजवळ येऊन बसते, भाऊ. हातात कागद! विचारते, दोन रोपांमधी किती जागा सोडता? म्हणलं, हात सोडते तेवढी! तं म्हणते, हात किती सोडते? अरे, हाताले मी विचारलं का कधी?"

"मंग?"

"मंग का! तिनं माहा पंजा कागदावर ठेवला अन् पट्टी लावली! मी भात परतू का पंजा मोजू देऊ? भात करपला!"

मी म्हणालो, "शिकून राहिली पोरगी."

"काल विचारते, सासूबाई, लावताना तुमी मांगं मांगं काऊन सरकता? म्हणलं, पुढं सरकलो तं लावलेल्यावर पाय नाही पडन का? तुले एवढं बी समजत नाही? तं म्हणते, समजते जी, पण तुमच्या तोंडून पाहिजे!"

"बरोबर आहे. सोर्स राहते तसा."

"तो सोर्स गेला उडत! रोवणा लागू दे एकदा. धानाचे पऱ्हे हिरवे झाले हायेत. अजून थोडे दिवस, मंग मी पायते इची इंग्रजी!"

असं म्हणून ती चालू लागली. थोडं पुढं जाऊन पुन्हा मागं आली.

"अन् हे पाय, तिले सांगजो. काल मी एक वीत म्हणलं, थे लवकर निंघणाऱ्या हलक्या धानासाठी. उशिराच्या भारी धानाले जास्त लागते. चुकीचं लिवून बसन, मंग माहं नाव खराब!"

*

लेख भिंतीवर लागले तेव्हा मॅडमनं आणखी एक नियम सांगितला. त्या ज्ञानकोशात म्हणे कोणीही माणूस येऊन लेख दुरुस्त करू शकतो. फक्त आधार पाहिजे. म्हणून तिनं भिंतीजवळ सुतळीला पेन्सिल बांधली आणि खोडरबर माझ्या हातात दिला.

"आबाजी, ही तुमची जिम्मेदारी."

मी तो खोडरबर घेतला आणि माझं सुख गेलं.

तलावाच्या लेखात एक ओळ होती, 'हा तलाव अमक्यानं बांधला.' आमच्या गावात कोहळी समाजाच्या दोन आळ्या आहेत, वरची आणि खालची. तलाव बांधणारे म्हणून कोहळी सगळीकडे ओळखले जातात. पण आमचा तलाव कोणत्या आळीच्या पूर्वजानं बांधला, यावर आमच्याकडे पंगतीतून माणसं उठून गेली आहेत. सकाळी मी दार उघडलं की वरच्या आळीचा माणूस यायचा, खालच्यांच्या पूर्वजाचं नाव खोडून आपलं टाकायचा. दुपारी खालच्या आळीचा यायचा. खोडरबर माझ्याजवळ मागायचे! नाही म्हणावं तर, "तू त्यांच्याकडचा हायेस का?"

एक दिवस मॅडमनं पाहिलं तर कागदाला भोक पडलं होतं. बरोबर पूर्वजाच्या जागी.

तिनं दोन्ही आळ्यांना बोलावलं. सगळे आले. मॅडम थकून गेली होती. हात जोडून म्हणाली, "देखो, भांडू नका. मी लिहिते, हा तलाव गावानं बांधला. झालं?"

आमच्या हयातीत पहिल्यांदा दोन्ही आळ्या एकाच वेळी उठून उभ्या राहिल्या.

"गावानं कसा बांधला?" वरच्या आळीचा म्हणाला.

"गाव तं तलावानंतर बसला!" खालच्या आळीचा म्हणाला.

आणि दोघं मिळून चहा प्यायला गेले.

*

साहेबांच्या येण्याची तारीख पुढं पुढं सरकत गेली. एकदा त्यांना काम निघालं, एकदा गाडी निघाली नाही. सरला रोज मला विचारायची, "आबाजी, साहेब कवा येतीन?" मला काय माहीत! पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, वाढत होते आणि साहेब येत नव्हते.

शेवटी साहेब आले, आणि बरोबर त्याच सकाळी भागरताबाईचा रोवणा लागला.

सरला शेतात जायच्या कपड्यांतच येऊन बसली होती. लुगडं खोचलेलं, केसांना फडकं. "आबाजी, सासूबाई पऱ्हे उपटाले गेली," ती हळूच म्हणाली. "तिकडून येईपर्यंत साहेबांनी माहं वाचलं तं वाचलं."

साहेब चष्मा लावून भिंतीजवळ उभे. त्यांना घाई नव्हती. सीतारामपेक्षा जुना तलाव वाचला. काका वाचला. मरळ वाचला. कागदाच्या भोकातून भिंत पाहिली आणि मॅडमला विचारलं, "हे काय?" मॅडम म्हणाली, "इतिहास, सर."

आणि साहेब सरलाच्या कागदापुढं आले, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"सरले! चाल!"

भागरताबाई. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर प्लास्टिकची खोळ. तिच्या मागं रस्त्यावर सगळ्या बाया पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन उभ्या. सरला उठली. मॅडमनं तोंड फिरवलं.

साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते आपल्याच नादात कागदावर बोट ठेवून मराठीत उलगडत म्हणाले, "वा. ऐका हं. 'ओळीच्या टोकाला सगळ्यात जाणती बाई उभी राहते. बाकीच्या तिचा हात पाहून लावतात. ती थांबली की ओळ थांबते. बाया मागं सरकत लावतात, म्हणजे लावलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर राहतं.'"

भागरताबाई दारातच थबकली.

"हे कोणाचं हाये?"

"रोवण्यावरचा लेख आहे," साहेब म्हणाले.

"थे टोकाची बाई कोण?"

"नाव नाही दिलेलं. पण सोर्स म्हणून खाली नाव आहे. भागरताबाई, याच गावच्या."

भागरताबाई चिखलाच्या पायांनी सरळ आत आली. मी सकाळीच फरशी पुसली होती! कागदाजवळ गेली, खाली पाहिलं, मग वर पाहिलं. तिला एक अक्षर येत नाही.

"खाली मी हाये. अन् वर कोण?"

"वर?"

"लिवलं कोणं? तिचं नाव कोठं हाय?"

साहेब म्हणाले, "मावशी, अशा लेखांवर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. तसा नियम आहे."

"नसते?" भागरताबाईचा आवाज चढला. "चुलीजवळ बसून इनं माहं डोस्कं खाल्लं, माहा पंजा मोजला, माहा भात करपवला, अन् नावच नाही? असा कसा कागद?" मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुले लिवता येते ना? लिव तिचं नाव. वर!"

"मावशी, ऐसा नहीं होता!" मॅडम पुढं आली.

"काऊन नाही होत? तुमीच म्हणलं ना, कोणी बी येऊन दुरुस्त करू शकते? मी करून राहिली दुरुस्त!"

"हो, पण त्याला सोर्स लागतो..."

"मीच आहो ना सोर्स! खाली लिवून हाये! वाचा!"

खुर्चीवरून सीताराम बुढा म्हणाला, "बरोबर हाये."

मी सुतळीची पेन्सिल घेतली. 'स' लिहिला. 'र' लिहिला. 'ला' लिहिताना काना थोडा वाकडा गेला. खोडरबर खिशात होता. मी तो काढला नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "यातली सरला कोण?"

सरलानं हात वर केला, शाळेतल्या लेकरासारखा.

"असं समजा, तलावावर पाहुणे आले आहेत. मी पाहुणा. हा रोवणा मला सांगा. इंग्रजीत."

सरलानं सासूकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. बाहेरून बाया ओरडत होत्या, "भागरताबाई, चाला ना जी! पऱ्हे सुकून राहिले!" आणि दुसरी एक, "सून येते का नाही?"

भागरताबाई तिथंच, माझ्या पुसलेल्या फरशीवर, मांडी घालून बसली. सरलानं पहिला इंग्रजी शब्द काढला. बाया पुन्हा ओरडल्या.

भागरताबाईनं बसल्या जागेवरून दाराकडे मान वळवली.

"चूप बसा वं! माही सून बोलून राहिली!"